उडत्या पाखराचे पाय

पाखरू उडतं तेव्हा त्याचे पाय कुठे असतात?

वाचकहो, घाईने उत्तर देऊ नका. तुम्ही जन्मापासून कावळे, पारवे, घारी पाहत आला आहात. मग सांगा, उडताना पाय पोटाशी घेतलेले असतात, मागे शेपटीखाली ताणलेले असतात, की खाली लोंबत असतात? गेली काही वर्षं मी भेटेल त्याला हे विचारतो आहे. शाळामास्तरांना विचारलं, वकिलांना विचारलं, एकदा सभेत बोलून बोलून दमलेल्या पुढाऱ्यालाही विचारलं. प्रत्येक जण आधी हसतो, मग वर बघतो आणि म्हणतो, "पोटाशी असणार." असणार! या देशातली निम्मी माणसं या 'असणार'वर जगतात आणि उरलेली निम्मी त्यांच्यावर राज्य करतात.

मलाही कोणी विचारेपर्यंत हे माहीत नव्हतं. विचारलं ते म्हसवडच्या यात्रेत, माझ्याच तंबूत, माझ्याच पडद्यासमोर उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाने. त्याची गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी धंद्याबद्दल चार शब्द सांगितले नाहीत तर ती कळणार नाही.

मी फोटोवाला. गाव कुंडल, नोकरी सांगलीत. माझं शिक्षण पत्रकांवर झालं. आमच्या घरी क्रमिक पुस्तकं कमी आणि हाताने चक्र फिरवून छापलेली चळवळीची पत्रकं जास्त. शाळेची पिशवी हे ती पत्रकं न्यायचं साधन होतं, आणि वाटता वाटता मी ती वाचत असे. पत्रकांची एक वाईट सवय लागते. साधं वाक्य पुरेनासं होतं, प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह हवंसं वाटतं. दुसरी सवय चांगली. कोणी काहीही सांगितलं तरी 'कशावरून?' हा शब्द तोंडात तयार असतो.

हा शब्द घेऊन मी सांगलीच्या एका फोटोच्या दुकानात कामाला लागलो. मालकांना सगळे नाना म्हणत. माणूस प्रेमळ, हात सोन्याचा. लढाई सुरू झाली होती. आमच्या भागातल्या घराघरांतून गडी फौजेत गेलेले. त्यांच्या बायका, आया, म्हातारे बाप लांबून चालत दुकानात यायचे. त्यांना लष्करात पाठवायला फोटो हवा असायचा. पहिलीच अट, पाय दिसले पाहिजेत. छातीपर्यंतचा फोटो काढला की म्हातारी भडकायची. "अर्धं मानूस कशाला पाठवू? पोरगं म्हनंल, आईचं पाय कुठं गेलं?" अर्धा फोटो हा अपशकुन. त्यामुळे आमच्याकडच्या फोटोंत माणसाचा चेहरा सुपारीएवढा आणि जोडवी मात्र स्पष्ट.

दुसरी मागणी असायची जोडफोटोची. नवरा आफ्रिकेत, बायको तासगावात, आणि फोटो हवा दोघांचा शेजारी बसलेला. नाना बाईला एका खुर्चीवर बसवत, शेजारची खुर्ची रिकामी ठेवत. नवऱ्याचा छावणीतून आलेला फोटो बारीक पात्याने कातरून त्या खुर्चीवर चिकटवत, कडा कुंचल्याने बुजवत आणि सगळ्याचा मिळून पुन्हा एक फोटो काढत. सांधा शोधून दाखवणाऱ्याला जेवण, अशी नानांची पैज होती. कोणी जेवलं नाही.

मी भांडायचो. "नाना, हे खोटं आहे."

"खोटं काय त्यात? नवरा तिचाच आहे ना?"

"पण तो इथे बसला नव्हता."

"बसायला मिळालं असतं तर बसला असता. तू त्या सरकारशी भांड, माझ्याशी नको."

पण जोडफोटोचा कुंचला मी हातात धरायला नकार दिला, आणि नानांनी तो नकार चालवून घेतला. मला त्यांनी यात्रांवर पाठवायला सुरुवात केली.

यात्रेत तंबू ठोकायचा, मागे रंगवलेला पडदा सोडायचा, पुढे स्टूल. आमच्या पडद्यावर निळाशार समुद्र होता, धूर सोडणारी आगबोट होती आणि वर तीन पांढरे पक्षी. रंगवणारा मिरजेचा. त्याने समुद्र पाहिला नव्हता, मीही पाहिला नव्हता. गिऱ्हाइकांपैकी कोणी पाहिला असेल असं डोक्यातही आलं नव्हतं.

लढाई संपली त्या हिवाळ्यात म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेत मी तंबू लावला. खाकी कोट घातलेला, डाव्या पायाने लंगडणारा एक जवान गडी पडद्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्याकडे तोंड करायच्या ऐवजी पडद्याकडे तोंड करून.

"आवं फोटोवालं, ही पाखरं कुणी काढली?"

"मिरजेच्या पेंटरनं."

"त्यानं समुद्र बगितला न्हाई."

"कशावरून?" मी विचारलं. सवय!

"हे पाखरू उडतंय, का दोरीवर वाळत घातलंय? पाय बगा की कसं लोंबत्यात. जहाजामागनं ही पाखरं दिस दिस उडायची. पाय कुठं ठेवायची, सांगा बरं?"

मी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. भोवती जमलेली माणसं हसली, माझ्यावर. तोही हसला आणि पुढे म्हणाला, "आन् ही पाखरं बगाया समुद्रावर जायाला नगं. थंडीत आमच्या तळ्यावर येत्यात. तीच ही."

आता माणसं त्याच्यावर हसली. "सुटली, शिदूची आगबोट सुटली!" एक जण ओरडला. शिदूचा चेहरा उतरला. फोटो न काढताच तो निघाला. मी मागे धावलो. धंद्यासाठी नाही. मला पाय कुठे असतात ते कळायला हवं होतं.

शिदू म्हसवडच्या तलावाकाठच्या एका वाडीचा, मेंढपाळ घरातला. फौजेत गेला, पायाला गोळी लागली, घरी आला. त्याच्या घरासमोर घोंगडीवर बसून त्याने मला सगळं सांगितलं. पाखरांवरून होणारं हसू त्याला नवं नव्हतं. पण त्या आठवड्यात ते हसणं महाग पडणार होतं.

वाडीपासून तलावाच्या पाण्याकडे मेंढरं न्यायची एक जुनी पाणंद होती. पाणंद म्हणजे दोन रानांमधली वहिवाटीची वाट. शिदू लढाईवर असताना बापूराव नावाच्या मोठ्या बागाईतदाराने ती नांगरून आपल्या हिवाळी ज्वारीच्या, शाळूच्या, रानात घेतली. मेंढरांना पाण्याला जायचं तर आता तलावाच्या फाट्याला लांबचा वळसा पडे. हिवाळ्यात निभत होतं. पण फाल्गुनात विहिरी आटल्या की दुधावरची कोकरं तो वळसा चालू शकत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात वाटेत बरीच बसली, ती उठली नाहीत.

"मग बाकीचे का बोलत नाहीत?" मी विचारलं.

"त्येच्याच रानात मेंढरं बशिवत्यात न्हवं! खतासाठी मेंढरं बशिवली की तो धान्य देतो. बोलल्यावर कोन बशिवंल? मीच एकटा मोकळा हाय."

त्या दिवसांत सरकारी कचेरीची पायरी चढायची नाही, आपला न्याय आपण करायचा, असं आमच्या भागात गावोगाव ठरलं होतं. आपला न्याय! त्या दोन शब्दांची पत्रकं मी शाळेच्या पिशवीतून वाहिली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी वाडीच्या देवळात पंच बसले तेव्हा मी तंबू बंद करून, उत्साहाने, सगळ्यांच्या पुढे जाऊन बसलो.

पंचांत मुख्य होते तात्या. सत्तरीचे, पांढऱ्या भरघोस मिशा, आवाज हळू. शिदूने साक्ष द्यायला तोंड उघडलं आणि बापूराव म्हणाले, "पंचांनी कुणाचं ऐकायचं ते ठरवावं. हा म्हनतो समुद्राची पाखरं आपल्या तळ्यावर येत्यात. उद्या म्हनंल, आगबोट बी येती. लढाईतनं डोकं फिरून आलंय बिचाऱ्याचं. राग न्हाई माजा, कीव येती."

देऊळभर हसू. शिदूने कोटाच्या आतल्या खिशातून एक चित्र काढलं. परदेशातल्या कुठल्याशा बंदरावर विकत घेतलेलं, जहाजाच्या कठड्यावर पंख पसरून तरंगणाऱ्या पाखराचं. "ह्ये बगा. पंखाचं टोक काळं, त्यात पांढरा ठिपका. आपल्या तळ्यावरच्याला बी असाच हाय."

चित्र हातोहात फिरलं. कोणी म्हणालं बगळा, कोणी म्हणालं टिटवी, कोणी उलटं धरून पाहिलं. शेवटी तात्या म्हणाले, "शिदू, आपल्या तळ्यावरच्या पाखराचं असंच चित्र आन. पंखाला पंख लावून बगू. खरं निघालं तर तुजी साक्ष घेऊ."

मला राहवेना. मी उभा राहिलो. "तात्या, हा कुठला न्याय? पाखराचा आणि पाणंदीचा संबंध काय?"

"तुमी कोन?"

"फोटोवाला."

"मग बोलता कशाला? फोटू काढा की."

पुन्हा हसू. तात्या मात्र हसले नाहीत. म्हणाले, "पाव्हणं, साक्ष पानंदीची नसती, मानसाची आसती. ह्यो गडी डोळ्यांनी बगितल्यालं सांगतो का मनचं सांगतो, तेवढंच आमाला बगायचंय."

मला हे मान्य नव्हतं. पाणंद होती की नव्हती हा प्रश्न पाखराच्या शेपटीला बांधणारे पंच मी पत्रकांत वाचले नव्हते. पण वाडीच्या कोकरांचा उन्हाळा आता माझ्या कॅमेऱ्यावर येऊन बसला होता. आणि खोटं कशाला बोलू, त्या पंखाच्या ठिपक्याने मलाही झपाटलं होतं.

उडतं पाखरू फोटोत धरणं म्हणजे काय, हे धंद्याबाहेरच्या माणसाला सांगतो. आमचे फोटो काचेवर निघत. एका काचेवर एक फोटो. काच लाकडी डब्यात घालायची, डबा कॅमेऱ्याला लावायचा, झाकण ओढायचं, मग चाप. एक पाखरू हुकलं की हे सगळं पुन्हा. गिऱ्हाइकाला आम्ही "हलू नका" म्हणतो, आणि पाखराचं सगळं जगणंच हलण्यात. नशिबाने माझ्याजवळ नानांनी एका मायदेशी परतणाऱ्या साहेबाकडून घेतलेला, क्षणात उघडून मिटणाऱ्या झडपेचा कॅमेरा होता. त्यात वरून खाली वाकून बघायचं. आतल्या आरशात चित्र उलटं दिसतं. पाखरू उजवीकडे गेलं की आत डावीकडे जातं. पहिल्या दिवशी मी डाव्या-उजव्याच्या नादात दोनदा बसकण मारली.

आणि मोठी अडचण वेगळीच होती. आमच्या काचांना निळा आणि पांढरा रंग एकच दिसे. निळ्या आभाळातलं पांढरं पाखरू काचेवर उतरतच नसे. कागदावर छापलं की फक्त डोळ्यांचे ठिपके आणि पंखांची काळी टोकं, जणू कोणी शाई शिंपडली आहे. पाखरू दिसायला हवं तर त्याच्यामागे काहीतरी गडद हवं. म्हणजे पाखराच्या वर चढून, त्याला पलीकडच्या हिरव्या काठावर धरायला हवं. उंच जागा एकच, तलावाचा बांध.

बांधावर पाटकरी उभा. पाटाच्या पाण्यावर लक्ष ठेवणारा सरकारी माणूस.

"धरनाचा फोटू काढतोस व्हय रं? कुनाचा मानूस तू?"

"पाखराचा काढतोय."

"पाखराचा? मग कोंबडीचा काढ की, जागची हलत तरी न्हाई." शिदूने त्याला फौजेतली एक सिगारेट दिली तेव्हा तो बाजूला झाला. पण तिथेच उभा राहून दर हुकलेल्या पाखराला तो "ग्येलं!" असं मोठ्याने म्हणत राहिला.

जहाजावरचा स्वयंपाकी खरकटं फेकायचा तशी शिदूने भाकरी फेकली. पाखरांनी ढुंकून पाहिलं नाही. मग त्याने मासे धरणाऱ्यांकडून आतडी आणली आणि बांधाखाली पाण्यात भिरकावली. आणि काय सांगू! कुठून कुठून ती पांढरी पाखरं आली, ओरडत, एकमेकांच्या अंगावर, वाऱ्याला छाती देऊन जागच्या जागी तरंगत. पुस्तकात यांना कुरव म्हणतात हे मला नंतर कळलं. कानामागे काळसर डाग, चोच लाल. मी फोटो विसरून नुसता बघत राहिलो.

"पाय बगितलं का?" शिदू म्हणाला.

बघितले. सरळ उडताना पाय मागे, शेपटीखाली ताणून ठेवलेले, मऊ पिसांत जवळजवळ बुडालेले. पण गंमत पुढे आहे. पाखरू आतड्यावर झेपावताना, वेग मोडण्यासाठी, तेच पाय खाली सोडतं आणि लाल पंजे पसरतं. म्हणजे मिरजेच्या पेंटरचं पाखरू अगदीच खोटं नव्हतं. ते उतरत होतं! फक्त पेंटरने त्याच्याखाली उतरायला काही ठेवलं नव्हतं. मी बांधावर एकटाच मोठ्याने हसलो. पाटकरी म्हणाला, "ग्येलं. ह्येचं बी डोकं ग्येलं."

यात्रेसाठी आणलेल्या काचा मी पाखरांवर संपवल्या. शिदूच्या खोपटात अंधारी खोली केली. दाराला त्याच्या आईने विणून घेतलेली काळी घोंगडी. सांगलीच्या दुकानातल्या पडद्यातून उजेडाची रेघ येते, त्या घोंगडीतून भरदुपारी सुईएवढा उजेड आला नाही. तलावाच्या पाण्यात काचा धुतल्या, उन्हात कागदावर छापल्या. बहुतेक वाया. नुसती शेपटी. नुसतं पाणी. एका काचेवर अंतराचा अंदाज चुकलेला, पाखरू धुरकट बोळ्यासारखं आणि पलीकडचा काठ मात्र काडी न् काडी स्पष्ट. पण एक उतरलं होतं. पूर्ण पसरलेले पंख, काळं टोक, त्या काळ्यात पांढरा ठिपका. शिदूने ते बंदरावरच्या चित्राशेजारी धरलं आणि दोन्ही उन्हात नेऊन पाहिली. मग म्हणाला, "ह्येच ते. माजी आई बी मला येडा म्हनायची."

पंच पुन्हा बसले. तात्यांनी दोन्ही चित्रं मांडीवर शेजारी ठेवली, ठिपक्यावर बोट ठेवलं. बोट इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला वाटलं जिंकलो.

बापूराव शांतपणे म्हणाले, "फोटू कुठल्या दुकानाचा?"

मी नाव सांगितलं.

"त्येच न्हवं, सांगलीचं? तिथं तर आफ्रिकेतला मानूस तासगावच्या खुर्चीत बसतो. समुद्राचं पाखरू तळ्यावर बशिवायला काय लागतंय?"

एकही माणूस हसला नाही, हे मला आजही आठवतं. सगळे तात्यांकडे पाहत होते. तात्या मला म्हणाले, "खरं बोलत्यात. माजा थोरला पोरगा इटलीत पडला. सुनंच्या शेजारी बसल्याला त्येचा फोटू माज्या भितीवर हाय. तुमच्या नानांनी केल्याला. लय चांगला केलाय. पर पोरगं तिच्याशेजारी कवा बसलं व्हतं? न्हाई बसलं. तरी बसलंय. आता तुमीच सांगा, फोटूवर कसा इस्वास ठिवायचा?"

आयुष्यात दुसऱ्यांना 'कशावरून?' विचारत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा तो प्रश्न माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. मी तो कुंचला कधी हातात धरला नव्हता, पण देवळात हे कोणाला सांगणार? दुकान एक, पाटी एक. आणि इतकी वर्षं ज्या बायकांना जवळ बसलेला नवरा हवा होता त्यांना आम्ही तो दिला, त्याची किंमत आता एका लंगड्या गड्याच्या साक्षीने भरायची होती.

रागाच्या भरात मी पिशवीतले सगळे वाया गेलेले फोटो काढले आणि घोंगडीवर ओतले. "हे बघा! खोटं करायचं असतं तर एक केलं असतं. इतकी चुकलेली कशाला केली असती? ह्यात शेपटी आहे, ह्यात पाणी, ह्यात तर पाखरूच नाही. खोटेपणा कोणी इतका वाईट करत नाही!"

माणसं पुढे सरकली. चुकलेले फोटो बघण्यात चांगल्या फोटोपेक्षा जास्त मजा असते. "ह्यात पाखरू कुठं हाय रं?" "उडून ग्येलं, तुज्या टोपीवर बसलंय." तात्यांनी तो अंतर चुकलेला फोटो उचलला, धुरकट बोळ्याचा. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"आन् ह्ये काय? ह्यो काळा पट्टा?"

मी पाहिलं. पाखराच्या मागे, पलीकडच्या काठावर, बापूरावांचं शाळूचं रान. फिकट. आणि त्या फिकट रानातून वाडीकडून पाण्यापर्यंत गेलेला एक गडद पट्टा, जरासा वाकडा, मेंढरं चालतात तसा.

मला काही कळेना. पण तिथे बसलेल्या माणसांना सांगावं लागलं नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या वाटेवर मेंढरांची लेंडी पडली, ती वाट नांगरली म्हणजे त्या मातीत पीक दांडगं येतं, काळंभोर येतं. रानात उभं राहिलं तर चारी बाजूंना शाळूच दिसतो. वरून बघितलं तरच पट्टा दिसतो. आणि मी दिवस न् दिवस वरून बघत होतो, पाखराकडे!

"हा बी सांगलीत चिकटिवला आसंल," बापूराव म्हणाले. पण आवाज बसला होता.

"आसंल," तात्या म्हणाले. "फोटू ठेवा बाजूला. उठा, बांदावर जाऊ."

अख्खी वाडी बांधावर चढली. बायका, पोरं, पंच, काठी टेकत तात्या, मागे बापूराव. पाटकरी घाबरून बाजूला झाला. पलीकडे सकाळच्या तिरप्या उन्हात तो पट्टा होता. कोणी काढून दाखवावा असा.

बापूराव म्हणाले, "लेंडी काय, कुठंबी पडती."

"पडती की," तात्या म्हणाले. "पर अशी रांगंनं पडत न्हाई."

शिदूची साक्ष तिथेच, बांधावर उभ्याने घेतली गेली. त्याच्या मागोमाग आणखी दोघे बोलले, जे देवळात गप्प होते. बापूरावांनी काढणीपर्यंत मुदत मागितली, तात्यांनी दिली. शाळू निघाला की पाणंद मोकळी, फाल्गुनाच्या आधी.

"आन् माज्या पाखराचं?" शिदूने विचारलं. लढाईतून आलेल्या त्या माणसाचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. तात्या उत्तर देणार इतक्यात दोन कुरव बांधावरून, आमच्या डोक्यांच्या हातभर वरून, वाऱ्यावर घसरत गेले. सगळ्यांच्या माना वर. "आयला, पाय मागं हायत की रं!" कोणी तरी ओरडलं. पंखाचा ठिपका किती जणांनी पाहिला ते सांगता येत नाही, पण त्यानंतर शिदूच्या आगबोटीवर कोणी हसलं नाही.

न्याय बरोबर झाला. पण बरोबर रीतीने झाला का, यावर मी आजही स्वतःशी भांडतो. मी तो धुरकट फोटो काढला नसता तर? अंतर बरोबर धरलं असतं तर? आपला न्याय आपण करायचा हे पत्रकात छापणं सोपं. तो करताना आधी बांधावर चढून बघायला हवं, हे कोणत्याच पत्रकात नव्हतं. मी पुढे एक पत्रक लिहिलं त्यात ते घातलं. छापणाऱ्याने ते वाक्य गाळलं, जागा पुरत नव्हती म्हणे.

सांगलीला परत निघालो तेव्हा तात्यांनी घरी बोलावलं. भिंतीवरचा तो फोटो त्यांनी खिळ्यावरून उतरवला. मुलगा फौजी पोशाखात, शेजारी सून, दोघांच्या मध्ये नानांचा न सापडणारा सांधा. दारात त्यांची नात खेळत होती. बाप लढाईवर गेला तेव्हा ती पोटात होती.

"ही पोर सगळ्यास्नी सांगती, माजा बा आला व्हता, हितं बसला व्हता. फोटूत हाय न्हवं, म्हनती." तात्यांनी फोटोवरची धूळ पुसली. "तिला आत्ता कायबी सांगत न्हाई मी. पर मी ग्येल्यावर तिला कोन सांगनार? तुमी मागं लिवा."

मी फोटो उलटा केला आणि पेन्सिलीने लिहिलं. 'हे दोघे असे एकत्र बसले नव्हते. फोटो जोडलेला आहे.' वाचून दाखवलं.

"बास?" तात्या म्हणाले. "त्येच्या फुडं लिवा, बसायची दोगांची बी लय इच्छा व्हती."

तेही लिहिलं. नानांना जाऊन हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ कुंचला धूत बसले, आणि त्यानंतर दुकानातून निघालेल्या प्रत्येक जोडफोटोच्या मागे त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली.

पण त्याआधीचे फोटो गावोगाव भिंतींवर आहेत. वाचकहो, तुमच्याही घरी असेल एखादा. हा अंक बाजूला ठेवा, उठा, आणि लढाईच्या वर्षांतला तो फोटो खिळ्यावरून उतरवा. घरात ज्याला आठवतं आहे असं माणूस अजून जिवंत असेल तर त्याला विचारा, हे दोघे खरंच शेजारी बसले होते का? नसतील, तर मागे तसं लिहा. आणि त्यांना बसायचं होतं, हेही लिहा.